ड्राय ग्लोव्हमधला दोरा

नवऱ्याचं पांढरं बोट मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला चक्क हसू आलं होतं. मॉन्टेरेच्या किनाऱ्यावर डाइव्ह करून आम्ही नुकतेच बाहेर आलो होतो. हा गाडीच्या डिकीवर बसून ओले हातमोजे दातांनी ओढत होता, आणि उजव्या हाताची बोटं मधल्या पेरापासून पुढे खडूसारखी पांढरी. मी म्हटलं, पुण्याची माणसं कोरडी असतात हे ऐकून होते, अंगात रक्तच नसतं हे आज कळलं. तोही हसला. मग त्याने गाडीची किल्ली उचलायला घेतली आणि ती हातातून निसटली. पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. फ्रीमाँटच्या घरापर्यंत गाडी मी चालवली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की थंडीने याच्या बोटांमधल्या रक्तवाहिन्या आवळून बसतात. पुष्कळांच्या बसतात, याच्या जरा जास्तच. हात गरम ठेवा, गार पाण्यापासून लांब राहा, नाहीतर एखाद्या दिवशी रक्त परत यायला इतका उशीर होईल की बोटाचं टोक वाचणार नाही. हे सगळं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या.

आमच्या ओळखीतल्या बाकीच्या मंडळींचं बोट बधिर झालं असतं तरी काही अडलं नसतं. मीटिंगमध्ये बोलायला बोट लागत नाही. पण हा तबला वाजवतो. गणपतीत आरतीपुरता नाही, चांगला बसून, तासन्‌तास वाजवतो. लहानपणी सासूबाई त्याला क्लासला न्यायच्या आणि बाहेरच्या बाकावर विणकाम घेऊन बसायच्या. तो आत शिकला आणि त्या बाहेर बसून शिकल्या, म्हणजे वाजवायला नाही, ऐकायला. आजही स्वयंपाकघरातून ओरडतात, ‘अरे, तो ना जरा स्वच्छ येऊ दे.’ ‘ना’ हा तबल्याचा बोल, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचा. हेच बोट सगळ्यांत आधी पांढरं पडायचं आणि सगळ्यांत शेवटी लाल व्हायचं.

मग गार पाण्यात जायचं कशाला, असं कोणीही विचारेल. मीही विचारलं, अनेकदा, आवाज चढवूनही. लेक कॉलेजला गेली, घर एकदम मोकळं झालं, आणि या माणसाने डाइव्हिंगचा कोर्स केला. म्हणे जगात तेवढी एकच जागा उरलीये जिथे कोणी पिंग करत नाही. एकट्याने खाली जायचं नसतं, सोबत बडी, म्हणजे जोडीदार लागतो, म्हणून मीही कोर्स केला. मला पाण्याचं वेड नाही. मी नागपूरची, आमच्याकडे पोहणं म्हणजे उन्हाळ्यातला टाइमपास. मी पहारा द्यायला जाते, हे त्याला माहीत आहे आणि तरी तो मला ‘माझी डाइव्ह बडी’ म्हणून मिरवतो.

डॉक्टरीणबाईंचं ऐकून तो थांबेल असं मला वाटलं होतं. थांबला नाही. त्याने ड्राय ग्लोव्हज शोधायला घेतले. आम्ही ड्राय सूट आधीपासून वापरत होतो, त्यात अंग कोरडं राहतं, पण हात मात्र साध्या ओल्या ग्लोव्हजमध्ये असायचे. ड्राय ग्लोव्हमध्ये हातालाही पाणी लागत नाही. सूटच्या बाहीला एक कडक रिंग बसवायची, ग्लोव्हला दुसरी, आणि दोन्ही एकमेकींत दाबून फिरवायच्या, डब्याचं झाकण लावतो तशा. मध्ये रबराचं बारीक कडं असतं, ते पाणी अडवतं. पुढे आमच्या घरात महिनाभर हाच विषय. जेवताना रिंगा, चहा घेताना ग्लोव्हची जाडी. जाड घेतला तर बोटं वळत नाहीत, पातळ घेतला तर शिंपल्याने फाटतो. एक साइज मोठाच घ्यायचा, कारण आत लोकरीचा हातमोजा घालायचा असतो. घट्ट झाला तर रक्त आणखीच अडेल. शेवटी पार्सल आलं. निळेशार, मनगटापर्यंतचे रबरी हात. मी म्हटलं, वा, आता आधी सिंकमधली कढई घास.

त्या सुमारास सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. आतले लोकरीचे मोजे त्यांनीच विणले, बारीक सुयांवर, बोटं मोजून. डाइव्ह शॉपमधल्या बाईने ते हातात घेऊन ताणून पाहिले आणि लोकर ओली झाली तरी ऊब धरते, हेच घाला, असं सांगितलं. सासूबाईंना मी ते भाषांतर करून सांगितल्यावर त्या दिवसभर खूश होत्या.

त्याच बाईने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. खोल गेलं की पाण्याचा दाब वाढतो आणि ग्लोव्हमधली हवा आक्रसते. रबर हाताला घट्ट चिकटतं, लोकर चेपते, ऊब जाते. म्हणून सूटमधली थोडी हवा ग्लोव्हमध्ये यायला वाट ठेवावी लागते. सूटच्या मनगटाशी रबराची घट्ट पट्टी असते, तिच्याखालून एक छोटी दोरी सरकवून ठेवायची. दोरीच्या कडेने हवा सरकते. पण दोरी आतच राहायला हवी. रिंगेवर काही येता कामा नये, केससुद्धा. केस आला तरी पाणी त्याच्या कडेने आत येतं, आणि एकदा ग्लोव्हमध्ये आलं की त्याच दोरीच्या वाटेने सूटमध्ये. मी हे ऐकलं तेव्हाच मला ते आवडलं नव्हतं. ज्या वाटेने ऊब येते त्याच वाटेने पाणी येऊ शकतं, ही कसली सोय?

घरी याने बाथटबमध्ये पाणी भरलं, सूट चढवला, ग्लोव्हज लावले आणि हात बुडवून बसला. बुडबुडा येतो का ते बघायचं होतं. एकही आला नाही. तो खूश. हवेने फुगलेले ते निळे हात पाण्यात तरंगत होते, बोटं एकमेकांपासून लांब, ताठ. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं हसतील. त्या बघत राहिल्या, मग हळूच मला म्हणाल्या, ‘बुडलेल्या माणसाचे हात असेच फुगतात गं.’ मी त्यांना काहीतरी बोलून स्वयंपाकघरात नेलं. पण नंतर टब रिकामा करताना मीच तिकडे बघायचं टाळलं.

डाइव्हच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी बॅगेतून लाल-पिवळ्या दोऱ्याची लडी काढली. कुलदेवीच्या देवळातून आणलेली, खास याच्या हातासाठी. उजवा हात पुढे करायला लावला, मनगटाला तीन वेढे दिले आणि गाठ मारली. टोकं लांब राहिली, बोटभर तरी. मी कात्री घेऊन आले. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘याला कात्री लावायची नाही,’ त्या म्हणाल्या. ‘आपोआप तुटून पडेल तेव्हा पडेल.’ मी कात्री परत ठेवली. देवाच्या दोऱ्यावरून कोण वाद घालणार, आणि तेही पाहुण्या आलेल्या सासूशी?

रात्री जेवताना हा म्हणाला, चला, उजव्या हाताला दोरीची गरजच नाही, आईचा दोरा आहेच पट्टीखाली, त्याच्याच कडेने हवा जाईल. डावीकडे दुकानातली दोरी, उजवीकडे आईची. बोलताना इतका प्रसन्न होता. विज्ञान आणि श्रद्धा एका मनगटावर बसवल्याचा त्याला कोण आनंद! सासूबाईंनाही आनंद. मी म्हटलं, आणि टोकांचं काय? तो म्हणाला, मोज्यात खोचतो ना, एवढं काय त्यात. आमच्याकडे असंच असतं. जुनं टाकायचं नाही, नवं सोडायचं नाही, आणि दोन्ही एकमेकांत कुठेतरी खोचून द्यायचं.

सकाळी मॉन्टेरेला धुकं होतं. समुद्र इतका शांत की लाटेचा आवाजही कोणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखा दबका. पार्किंगमध्ये एरवी डाइव्हर्सची गर्दी असते, त्या दिवशी एकच गाडी होती आणि तीही आम्ही सूट चढवेपर्यंत निघून गेली. मला परत जावंसं वाटत होतं. कारण सांगता येत नव्हतं, आणि कारणाशिवाय पुणेकर माणूस हलत नाही. मी माझा सूट ओढत होते तोवर त्याने उजवा ग्लोव्ह स्वतःच गुडघ्यावर दाबून फिरवून बसवला. खट्‌ असा आवाज आला. डावा मी लावून दिला. ‘टोकं?’ मी विचारलं. ‘खोचली,’ तो म्हणाला.

खाली पाणी हिरवं-काळं होतं. तिथे केल्प असतं, समुद्राच्या तळापासून वरपर्यंत वाढलेल्या वेली, जंगलच म्हणा. उन्हात ते सोनेरी दिसतं. त्या दिवशी ते अंधारं होतं आणि वेलींची पानं अंगावरून सरकत होती. आम्ही वेलीच्या कडेने हळूहळू उतरलो. तळाशी पोचल्यावर त्याने मला निळ्या फुगलेल्या बोटांनी ओके केलं, आणि मास्कमागे त्याचे डोळे हसत होते. म्हणजे हात गरम होते त्याचे. तेवढी काही मिनिटं मला बरं वाटलं, हे मी कबूल करते.

मग मला दिसलं की त्याने उजवा हात काखेत घेतलाय. मी बोटाने विचारलं, ओके? त्याने ओके केलं, डाव्या हाताने. हा माणूस खूण नेहमी उजव्याने करतो. पोळीही डाव्या हाताने कधी तोडत नाही, आणि इथे डावा? मी जवळ गेले, पुन्हा विचारलं. पुन्हा डाव्याने ओके. गारठलं असेल तर दोन्ही हातांनी स्वतःला मिठी मारायची, अशी खूण असते. ती त्याने केली नाही. महिनाभर ज्या ग्लोव्हजचं कौतुक केलं, ते पहिल्याच दिवशी गळतात असं कसं कबूल करायचं?

मी त्याचा उजवा हात काखेतून ओढून काढला. ग्लोव्ह फुगलेला नव्हता. आत पाणी हलताना कळत होतं. बाही कोपरापर्यंत जड, लोंबती. आणि तो हळूहळू खाली चालला होता. सूटमध्ये शिरणारं पाणी त्याला ओढत होतं आणि त्याच्या ते लक्षात येत नव्हतं, किंवा येत होतं. छातीवर सूटमध्ये हवा भरून वर उचलणारं बटण असतं. तो उजव्या हाताने ते दाबायला बघत होता. बोटं वळेनात. नुसता हाताचा ठोकळा छातीवर आपटत होता, ढप्प, ढप्प. डावा हात होता की, असं आता घरात बसून वाटतं. पाण्याखाली घाबरलेल्या माणसाला आपल्याला दोन हात आहेत हे आठवत नाही.

मी बटण दाबलं. त्याला पट्ट्याला धरलं, डोळ्यांसमोर डोळे आणले आणि वर चल अशी खूण केली. वर एकदम जाता येत नाही, ते सगळ्यांत वाईट. एका ठिकाणी थांबावंच लागतं, फुप्फुसांसाठी, रक्तासाठी. तिथे वेलीला धरून आम्ही लटकत राहिलो. वर धुक्यातला उजेड दिसत होता, हात उंचावला तर लागेल असा. आणि मला मात्र त्या निळ्या ग्लोव्हच्या आत, जिथे मला दिसत नव्हतं, एक बोट मरतंय असं वाटत होतं. मी तो हात माझ्या दोन्ही हातांत धरून चोळत होते. रबराला रबर घासून काय ऊब येणार. पण मी चोळत राहिले, आणि मनात सासूबाईंच्या कुलदेवीला शिव्याही घातल्या आणि नवसही बोलले, एकाच दमात.

वाळूवर आल्यावर रिंग उघडली. पाणी भसकन बाहेर आलं. मग दिसलं. दोऱ्याचं एक टोक मोज्यातून निसटून बरोबर रिंगेच्या आत जाऊन बसलं होतं. दोन रिंगांमध्ये चेपून ते कागदासारखं चपटं झालं होतं. त्याच्या कडेने पाणी ग्लोव्हमध्ये, आणि मनगटावरच्या तीन वेढ्यांच्या कडेने सूटमध्ये. शिवाय भिजून दोरा आवळला होता. मनगटात रुतून बसला होता, आणि त्याच्या पुढचा पंजा मेणाचा असावा असा. पहिलं बोट तर पांढरंही नव्हतं, राखाडी होतं.

प्रत्येक डाइव्हरच्या पट्ट्याला एक छोटी कात्री असते, वेलींत अडकलं तर कापायला. मी ती काढली.

‘अगं, कात्री नको,’ तो म्हणाला. दात वाजत होते त्याचे. ‘आई म्हणाली होती, कात्री...’

‘आईंचं मी बघते,’ मी म्हटलं. ‘हात दे.’

त्याने हात मागे घेतला. बोट जायला आलंय आणि हा हात मागे घेतोय! मी त्याचं मनगट गुडघ्याखाली धरलं आणि कापला दोरा. तो ओला तुकडा मोज्यात कोंबला, मोजे बॅगेत फेकले, गाडीचा हीटर लावला, त्याचा हात माझ्या पोटाशी धरून बसले आणि मग सरळ हॉस्पिटल.

बाकीची बोटं परत आली. पहिल्या बोटाचं टोक काळं पडलं. लगेच कापत नाहीत, वाट बघतात, किती जिवंत आहे ते आपोआप कळतं म्हणे. आम्ही वाट बघितली. आठवडे गेले. काळी कातडी कडक झाली आणि एक दिवस गळून पडली, आणि खाली जे उरलं ते बोथट होतं. नखाचा अर्धा भाग गेला. टोचलं तरी कळत नाही. लेकीने फोनवर रडत विचारलं, तुम्ही दोघं वेडे आहात का?

सासूबाईंना आम्ही सांगितलं की ग्लोव्ह फाटला. दोऱ्याचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, पाण्यात आपोआप तुटला. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. म्हणाल्या, ‘दोऱ्याने आपल्यावर घेतलं, म्हणून बोटावर निभावलं.’ मी भांडी लावायला घेतली, जोरजोरात. राग कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. खरं सांगितलं असतं तर त्या माउलीच्या उरलेल्या आयुष्याला ते पुरलं असतं.

मग एका दुपारी मी ऑफिसमधून आले तर पॅटिओच्या कठड्यावर लोकरीचे मोजे वाळत घातलेले. डाइव्हची बॅग गॅरेजमध्ये तशीच पडली होती, वास यायला लागला होता, म्हणून सासूबाईंनी ती उपसून सगळं धुतलं होतं. मी उजवा मोजा काढून आत बोटं घालून चाचपला. दोऱ्याचा तुकडा आत नव्हता. सासूबाई आत मेथी निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसून मेथी निवडायला घेतली. त्या दिवसापासून याचा हात मात्र त्यांनी कधी हातात घेऊन बघितला नाही.

बोट भरून आल्यावर त्याने पुन्हा तबला काढला. सासूबाईंच्या परतीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मी हॉलमध्ये त्यांच्या बॅगेचं वजन करत होते, सासूबाई सोफ्यावर. आतून तबल्याचा आवाज आला आणि मी थांबले. डग्गा तोच होता, घुमणारा. पण तो ‘ना’ येत नव्हता. येत होता, पण लाकडावर टिचकी मारावी तसा, कोरडा, मेलेला. सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी हाक मारली.

‘तबला उतरलाय का रे?’

मग त्याचा आवाज आला, ‘हो आई. हवेने उतरलाय.’ आणि त्याने हातोडी घेतली. सुरातच असलेला तबला तो ठोकत बसला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

सासूबाई उठल्या. भरलेल्या बॅगेतून लडी काढली आणि आत गेल्या. मी मागोमाग. त्यांनी त्याच्यासमोर बसून उजवा हात ओढून घेतला. बोटाकडे न बघता मनगटाला तीन वेढे दिले, गाठ मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘कात्री आण.’

मी आणली. त्यांनी दोन्ही टोकं गाठीपाशी अगदी जवळून कापली, करकर आवाज करत, आणि गाठीवरून अंगठा फिरवून पाहिला. कापलेले तुकडे मुठीत घेतले.

‘आता रिंगेत अडकायचं नाही,’ त्या म्हणाल्या.

दोरा रिंगेत अडकला हे त्यांना आम्ही कधी सांगितलं नव्हतं. पण माझं लक्ष त्यावर नव्हतं. मी नवऱ्याकडे बघत होते, तो आता म्हणेल, अगं आई, मी कुठे जातोय आता पाण्यात. त्याने हातोडी खाली ठेवली. मनगट फिरवून दोरा बघितला. आणि तो अंगठ्याने वर सरकवला, सूटची पट्टी बसते तिथे.